कपाचे ग्रॅम आणि ग्रॅमचे कप कसे करायचे

रेसिपीत लिहिलेलं असतं २ कप मैदा आणि आपल्याला काट्यावर मोजायचं असतं, किंवा उलटं, रेसिपी सगळी ग्रॅममध्ये आणि घरात फक्त मापाचे कप-चमचे. मग बरेच जण "१ कप म्हणजे किती ग्रॅम" असं सर्च करतात आणि जो आकडा पहिला दिसेल तो पीठ, साखर, तेल सगळ्याला लावून मोकळे होतात. असा एकच आकडा नसतोच. कप सांगतो वस्तूने जागा किती व्यापली आणि ग्रॅम सांगतो तिचं वजन किती, आणि या दोघांचं नातं प्रत्येक पदार्थाचं वेगळं असतं. २४० मिलीच्या एकाच कपात मध भरला तर ३४० ग्रॅम बसतो आणि ओट्स भरले तर जेमतेम ९०. त्यामुळे पहिला प्रश्न नेहमी हाच, की कप कशाचा?

दुसरा प्रश्न, कप कुठला? हा पण बरेच जण विचारत नाहीत. अमेरिकन रेसिपीतला कप साधारण २३७ मिलीचा, तिकडे पाकिटांवरच्या पोषणाच्या माहितीत तोच २४० धरतात, ऑस्ट्रेलियात कप २५० मिलीचा आणि जपानी रेसिपीत २०० चा. राईस कुकरबरोबर जो छोटा प्लॅस्टिकचा कप येतो तो तर १८० मिलीचाच असतो, तो मेजरिंग कप समजून बेकिंगला वापरला तर एका कपामागे पाव कप वस्तू कमी पडते. चमच्यांचंही तसंच आहे. टीस्पून जवळपास सगळीकडे ५ मिलीचा, टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिलीचा, पण ऑस्ट्रेलियन टेबलस्पून २० मिलीचा असतो म्हणजे तिथले ३ टेबलस्पून हे बाकीच्यांचे ४. बेकिंग पावडर किंवा मीठ टेबलस्पूनमध्ये दिलं असेल तर हा फरक खाताना कळतो. म्हणून रेसिपी कुठल्या देशातल्या माणसाने लिहिलीये ते आधी बघायचं आणि मगच हिशोबाला बसायचं.

आता आपला स्वतःचा कप किती मिलीचा आहे ते काढा, हे काम एकदाच करायचंय आणि दोन मिनिटांचं आहे. कोरडा कप काट्यावर ठेवा, टेअरचं बटण दाबून आकडा शून्यावर आणा, काठोकाठ पाणी भरा आणि ग्रॅम वाचा. साध्या पाण्याचा १ मिली म्हणजे १ ग्रॅमच धरायचा, स्वयंपाकघरापुरता त्यातला फरक शून्य आहे, म्हणून काट्यावर २४० आलं तर कप २४० मिलीचा. घरातली नेहमीची वाटी, मग, चहाचा कप, काहीही याच पद्धतीने मोजता येतं. मेजरिंग कपावर छापलेलं माप आणि खरं माप यात स्वस्तातल्या सेटमध्ये बऱ्यापैकी तफावत असू शकते, आणि पाव कप चार वेळा भरला की एक कप होतोच असंही नाही, त्यामुळे सेटमधला प्रत्येक कप वेगळा तपासा. मार्करने बुडाला आकडा लिहून ठेवला की काम झालं.

गणित अगदी सरळ आहे. ग्रॅम हवे असतील तर मिलीला त्या पदार्थाच्या १ मिलीच्या वजनाने गुणायचं, आणि मिली हवे असतील तर ग्रॅमला त्याच आकड्याने भागायचं. तेलाचा १ मिली म्हणजे ०.९२ ग्रॅम, दुधाचा १.०३, मधाचा १.४२. रेसिपीत १८० मिली तेल असेल तर १८० गुणिले ०.९२ म्हणजे १६६ ग्रॅम. १०० ग्रॅम मध हवाय आणि काटा नाही तर १०० भागिले १.४२ म्हणजे ७० मिली, म्हणजेच ४ टेबलस्पून आणि वर २ टीस्पून. झालं एवढंच. पातळ पदार्थांना हे छान चालतं कारण ते भांड्यात एकसारखे बसतात, कोणीही ओतलं तरी तेवढेच. फक्त काचेच्या मापात बघताना भांडं ओट्यावर ठेवून डोळे रेघेच्या उंचीला न्यायचे, वरून वाकून बघितलं की आकडा चुकीचा दिसतो.

कोरड्या पदार्थांचे आकडे मी खाली एकत्र देतेय. हे सगळे २४० मिलीच्या कपाचे आहेत आणि कप सपाट भरलेला आहे, शिगेचा नाही.

मैदा, चमच्याने हलका भरलेला: १२० ते १२५ ग्रॅम
मैदा, कप डब्यात खुपसून भरलेला: १४० ते १५०
साधी साखर: २००
ब्राऊन शुगर, दाबून: २१५
पिठीसाखर: ११५ ते १२०
रवा: १६५
कच्चा तांदूळ: १८५ ते २००
ओट्स: ९०
कोको पावडर: ८५ ते १००
बटर: २२७
बारीक मीठ: २९०
तेल: २२०
दूध: २४७
मध: ३४०

तुमचा कप २५० चा असेल तर यातला कुठलाही आकडा १.०४ ने गुणा, २०० चा असेल तर ६ ने भागून ५ ने गुणा. चमच्यांसाठी वेगळा तक्ता लागत नाही, कारण २४० च्या कपात १६ टेबलस्पून बसतात आणि एका टेबलस्पूनमध्ये ३ टीस्पून, म्हणजे साखरेचा टेबलस्पून साडेबारा ग्रॅमचा, टीस्पून ४ ग्रॅमचा, बटरचा टेबलस्पून १४ चा, मधाचा २१ चा, मैद्याचा साडेसात-आठचा. ८० ग्रॅम बटर हवंय आणि काटा नाही? ५ टेबलस्पून आणि २ टीस्पून. १५० ग्रॅम साखर? बरोबर पाऊण कप.

मैद्याच्या दोन ओळी वर मुद्दाम वेगळ्या दिल्यात कारण सगळ्यात जास्त रेसिप्या इथेच बिघडतात. पीठ म्हणजे बारीक कण आणि मधे भरपूर हवा. डबा नुकताच हलवला असेल, पीठ चाळलेलं असेल तर हवा जास्त, पिशवी महिनाभर कपाटात दुसऱ्या सामानाखाली दबलेली असेल तर हवा कमी, आणि कप खुपसून काठाशी दाबून काढला तर अजूनच कमी. कप तोच, पीठ तेच आणि वजनात २०-२५ ग्रॅमचा फरक. २ कपांच्या केकमध्ये हिशोब करून बघा, हलक्या हाताने भरलं तर २४५ ग्रॅम, खुपसून भरलं तर २९० पर्यंत, म्हणजे पीठ जवळजवळ १८ टक्के जास्त पडलं आणि दूध-तेल मात्र तेवढंच राहिलं. केक कोरडा होणार, वर तडे जाणार, आणि आपण दोष देणार ओव्हनला. म्हणून मी आग्रहाने सांगेन की एका वस्तूचंच वजन करायचा कंटाळा न करणं जमत असेल तर ती वस्तू पीठ असू दे. साखर, मीठ यांचे दाणे टणक असतात, ते फारसे दबत नाहीत, तिथे कपाने मोजलं तरी दोन-चार ग्रॅमपेक्षा जास्त इकडेतिकडे होत नाही.

काटा नसेलच तर पीठ मोजायची पद्धत अशी: डब्यातलं पीठ आधी चमच्याने खालवर करून मोकळं करायचं, मग चमच्या-चमच्याने कपात वरून टाकत जायचं, शीग आली की सुरीच्या पाठीने काठाबरोबर सपाट ओढायचं. कप आपटायचा नाही, हलवून बसवायचा नाही. याउलट ब्राऊन शुगर दाबूनच भरायची, एवढी की कप उपडा केला तर कपाच्या आकाराची मूद पडली पाहिजे, कारण रेसिपी लिहिणारा तेच गृहीत धरतो.

पण रेसिपी लिहिणाऱ्याने पीठ कसं भरलं होतं हे आपल्याला कसं कळणार? याला एक चांगला उपाय आहे. त्याच माणसाच्या बाकीच्या रेसिप्या चाळून बघा, कुठेतरी कप आणि ग्रॅम दोन्ही दिलेले सापडतात. समजा एका ठिकाणी लिहिलंय दीड कप मैदा म्हणजे २१० ग्रॅम, तर त्याचा कप १४० चा आहे हे कळलं, मग त्याच्या सगळ्या रेसिप्यांना १४० च लावायचं, माझा १२० चा आकडा तिथे वापरायचा नाही. असं काहीच मिळालं नाही तर १२५ धरून सुरू करा आणि पीठ किंवा मिश्रण हाताला, चमच्याला कसं लागतंय ते बघून दोन चमचे वाढवा. कमी पडलेलं पीठ घालता येतं, जास्तीचं काढता येत नाही.

पाकिटावरही बघा. पोषणाच्या तक्त्यात बऱ्याचदा एका सर्व्हिंगचं माप दोन्ही प्रकारे दिलेलं असतं, पाव कप म्हणजे ३० ग्रॅम वगैरे. त्याच पदार्थाचा, त्याच कंपनीचा आकडा असल्यामुळे कुठल्याही सर्वसाधारण तक्त्यापेक्षा तो जास्त भरवशाचा. ओट्स, कोको, प्रोटीन पावडर असल्या वस्तू कंपनीगणिक बदलतात तिथे याचा खूप उपयोग होतो.

रेसिपीतली शब्दांची जागा नीट वाचायची सवय लावा. "१ कप चिरलेले अक्रोड" म्हणजे आधी चिरायचे मग कप भरायचा, आणि "१ कप अक्रोड, चिरून" म्हणजे अख्खे मोजायचे मग चिरायचे, चिरलेले जास्त दाटीने बसतात त्यामुळे वजन वेगळं येतं. चाळलेल्या मैद्याचंही हेच, "१ कप चाळलेला मैदा" आणि "१ कप मैदा, चाळून" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिल्यात पीठ कमी बसतं. चीज किसलेलं असेल तर साधारण ११० ग्रॅमचा कप धरतात, पण ते जाड किसणीचं, एकदम बारीक भुसभुशीत किसलं तर त्याच कपात बरंच कमी बसतं. ग्रॅममध्ये लिहिलेल्या रेसिपीत यातली बरीचशी डोकेदुखी जाते. ५० ग्रॅम अक्रोड अख्खे असोत की चिरलेले, ५० च. बटर घट्ट असताना १०० ग्रॅम तर वितळल्यावरही १०० ग्रॅमच, क्रीम फेटून फुगून दुप्पट दिसायला लागलं तरी वजन होतं तेवढंच. फक्त शिजलेल्या पदार्थांना हे लागू नाही, भात पाणी पिऊन बसतो त्यामुळे कच्च्या तांदळाचं वजन की शिजलेल्या भाताचं हे रेसिपीत बघायलाच लागतं.

अजून एक फसवी जागा म्हणजे औंस. वजनाचा औंस २८.३५ ग्रॅमचा आणि फ्लुइड औंस हे आकारमानाचं माप, अमेरिकन असेल तर २९.६ मिली आणि ब्रिटिश असेल तर २८.४ मिली. पाण्याला, दुधाला दोन्ही जवळपास सारखेच येतात म्हणून लोकांना वाटतं एकच आहे. मधाला लावून बघा, ८ औंस वजनाने म्हणजे २२७ ग्रॅम आणि अमेरिकन ८ फ्लुइड औंस म्हणजे ३३६ ग्रॅम, शंभर ग्रॅमहून जास्त फरक. नुसतं औंस लिहिलं असेल तर सर्वसाधारणपणे कोरड्या आणि घट्ट वस्तूंना वजन समजायचं आणि पातळ वस्तूंना फ्लुइड, पण शंका आली तर रेसिपीतल्या बाकीच्या प्रमाणाशी ताडून बघायचं. पाऊंड सोपा आहे, ४५४ ग्रॅम. अमेरिकन रेसिपीत बटरची "स्टिक" म्हणतात ती ११३ ग्रॅमची, म्हणजे अर्धा कप.

काट्याबद्दल थोडं. साधा घरगुती डिजिटल काटा १ ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो, तो पीठ-साखरेला उत्तम पण यीस्ट, सोडा, मीठ असल्या ३-४ ग्रॅमच्या वस्तूंना नाही, कारण ३ दाखवत असेल तर खरं वजन अडीच पण असू शकतं आणि साडेतीन पण, शिवाय चिमूट चिमूट टाकत गेलं तर बरेच काटे ते वाढलेलं वजन धरतच नाहीत. तिथे सरळ मापाचा चमचा वापरा. बारीक मिठाचा सपाट टीस्पून ६ ग्रॅमचा, बेकिंग पावडरचा ४ ते ५ ग्रॅमचा, इन्स्टंट यीस्टचा ३ ग्रॅमच्या थोडा वर. जाडसर, पापुद्र्यासारखं मीठ असेल तर टीस्पूनमध्ये ३ ग्रॅमच बसू शकतं, बारीक मिठाच्या निम्मं, त्यामुळे रेसिपीत मीठ कुठल्या प्रकारचं आहे हे लिहिलं असेल तर ते सोडून पुढे जाऊ नका. तुमच्या मिठाचा चमचा किती ग्रॅमचा हे काढायचं असेल तर वाटीत १० सपाट चमचे टाका, येईल त्या वजनाला १० ने भागा, १ ग्रॅमवाल्या काट्यावर पण नेमका आकडा मिळतो.

काही काट्यांवर मिलीचं बटण असतं. ते बटण फक्त पाण्यासाठी खरं आहे, काही मॉडेलमध्ये दुधासाठी वेगळं असतं. काट्याला भांड्यात काय आहे हे कळत नाही, तो वजन मोजतो आणि पाणी समजून मिली दाखवतो, म्हणजे त्यावर २०० मिली तेल मोजलं तर प्रत्यक्षात २१७ मिली तेल पडलेलं असतं. मी तर म्हणेन ते बटण विसरूनच जा, काटा कायम ग्रॅमवर ठेवा.

टेअरचा पूर्ण फायदा घ्या. एकच मोठं भांडं काट्यावर, पीठ टाकलं की शून्य, साखर टाकली की शून्य, दूध ओतलं की शून्य, कप-चमचे धुवायचे नाहीत की मधाने माखलेली वाटी खरवडायची नाही. चिकट वस्तूंना तर याहून छान युक्ती आहे, मधाची बरणीच काट्यावर ठेवायची, शून्य करायचं, आणि चमच्याने बरणीतून मध काढून भांड्यात घालत जायचं, काटा उणे आकडा दाखवत जातो, उणे ६० आलं की ६० ग्रॅम मध निघाला. चमच्याला चिकटलेला तेवढा भांड्यात निपटून घ्या.

अंडी पण वजनात धरायला शिका. मोठ्या आकाराचं एक अंडं टरफल सोडून साधारण ५० ग्रॅम, त्यात पांढरं ३० आणि पिवळं २० च्या आत-बाहेर. रेसिपी निम्मी करायचीये आणि अंडं एकच आहे तर ते फोडून फेटायचं आणि २५ ग्रॅम घ्यायचं, बास.

आता एक रेसिपी पूर्ण बदलून बघू. २ कप मैदा, १ कप साखर, अर्धा कप तेल, १ कप दूध, दीड टीस्पून बेकिंग पावडर, अर्धा टीस्पून मीठ. मैदा २४५ ग्रॅम, साखर २००, तेल ११०, दूध २४५ ला आणलं तरी चालेल, बेकिंग पावडर आणि मीठ चमच्यातच राहू द्या. आकडे ५ च्या पटीत आणायला हरकत नाही, २४७ की २४५ याने केकला काही होत नाही. आता हीच रेसिपी दीडपट करायची तर ३६८, ३००, १६५, ३६८, सरळ गुणाकार, हेच कपात करायला गेलात तर पाऊण कपाचं दीडपट किंवा पाव कपाचं निम्मं असले हिशोब करत बसायला लागतं. ब्रेडवाले याच्याही पुढे जातात, पीठ १०० धरतात आणि बाकी सगळं त्याच्या टक्क्यात, पाणी ६५, मीठ २, यीस्ट १, मग पीठ ५०० ग्रॅम घेतलं की पाणी ३२५, मीठ १०, यीस्ट ५, आणि पीठ ८०० घेतलं तरी नवीन रेसिपी शोधायला लागत नाही.

सगळंच वजनात करायची गरज नाही हेही सांगते. मसाले, फोडणी, सूप, भाज्या, जिथे आपण चव घेत घेत पुढे जातो तिथे चमचा आणि अंदाज पुरतो. बेकिंग, ब्रेड, पाकाचे पदार्थ, जिथे एकदा भट्टीत किंवा गॅसवर गेलं की दुरुस्ती नाही, तिथे काटा काढा.

स्वतःचा तक्ता करून ठेवा, नेटवरचा कितीही चांगला असला तरी तुमचा कप आणि तुमचा हात त्यात नाही. नेहमी लागणाऱ्या आठ-दहा वस्तू घ्या, प्रत्येकीचा कप तुमच्या सवयीप्रमाणे तीन वेळा भरून वजन करा, सरासरी काढा आणि कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवा. कागदाच्या वरच कप किती मिलीचा ते लिहा नाहीतर कप फुटून नवीन आला की सगळा तक्ता निरुपयोगी होतो. पिठाचा ब्रँड किंवा दळण बदललं तर तेवढी एक ओळ परत मोजा, साखर-तेल-मधाच्या ओळींना हात लावायची गरज नाही.